अडचण नाही

आमच्या घरात पाळीला अडचण म्हणतात. पूजा असली, लोणचं घालायचं असलं की माझ्या सासूबाई, माई, आदल्या दिवशी स्वयंपाकघरातून विचारतात, "तनया, अडचण नाही ना?"

गेल्या अडीच महिन्यांत त्यांनी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी "नाही" म्हटलं. ते खरंच होतं. पाळी आलीच नव्हती. माईंनी तीन "नाही" एकत्र मांडले, माझा सुजलेला चेहरा पाहिला, शाळेतून आल्याबरोबर मी आडवी होते हे पाहिलं, आणि निष्कर्ष काढला. मी शाळेत विज्ञान शिकवते. निरीक्षणं बरोबर असून निष्कर्ष चुकतो, हे मुलांना समजावताना मला इतकं चांगलं उदाहरण कधी सापडलं नव्हतं.

मी घरी दोनदा चाचणी केली होती. दोन्ही वेळा एकच रेघ. मग ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून कल्याणला जाऊन रक्त तपासलं. टीएसएच चौदा, एफएसएच बेचाळीस. डॉक्टर म्हणाल्या, "थायरॉइडची गोळी आजपासून सुरू करा, सूज आणि थकवा उतरेल. दुसरा आकडा मात्र पाळी जायला आलेल्या बाईचा आहे. तुम्ही एकतीसच्या. महिन्याने पुन्हा तपासू. एका आकड्यावरून मी काही ठरवत नाही."

दिवसभर मला थंडी वाजायची आणि मध्येच छातीपासून कानांपर्यंत गरम वाफ चढायची. एकदा शाळेच्या प्रयोगशाळेतल्या स्टॉपवॉचवर मोजलं. तीन मिनिटं चाळीस सेकंद. मग घाम, आणि पुन्हा स्वेटर.

आल्हाद, माझा नवरा, नोकरीसाठी नाशिकला असतो आणि शनिवारी घरी येतो. माईंनी त्याला माझ्याआधीच फोन केला होता. "माई म्हणते ते खरं का गं?" त्याने विचारलं. "अजून काही नक्की नाही," मी म्हटलं. तो इतका हसला की पुढचं फोनवर सांगवेना. शनिवारी समोर बसवून सांगू, असं ठरवलं.

पण शुक्रवारी दुपारी शाळेतून आले तर हॉलमध्ये पाट मांडलेला. भोवती रांगोळी. शेजारच्या रीमावहिनी आणि जवळच्या कोन गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या ठमाबाई सतरंजीवर बसलेल्या.

"आली बघा उत्सवमूर्ती!" रीमावहिनी म्हणाल्या.

"चोरओटी आहे, जरा हळू," माई म्हणाल्या. "तिसऱ्या महिन्यात गाजावाजा करायचा नसतो."

"चोरून करायची तर आम्हाला कशाला बोलावलंत?"

ठमाबाई माझ्याकडे निरखून बघत होत्या. "तोंड बगा कसा भरलाय. पोरगाच हाय. न्हाय झाला तर माजा नाव ठमा न्हाय."

"माझ्या वेळीही हेच म्हणाला होतात," रीमावहिनी म्हणाल्या. " मग मनवा झाली. नाव कुठे बदललंत?"

सगळ्या हसल्या. माईंनी मला खांद्याला धरून पाटावर बसवलं, कुंकू लावलं, आणि खण, नारळ, तांदूळ घेऊन समोर वाकल्या. "पदर पसर."

वाफ तेव्हाच चढली. कानात ठोके वाजायला लागले. ही ओटी घेतली की मी हो म्हटल्यासारखं होणार होतं, आणि पुढचे सहा महिने या तिघी माझं पोट बघत राहणार होत्या. नाही म्हणायचं तर तिघींच्या देखत बेचाळीस हा आकडा सांगायचा. मला फक्त पाटावरून उठायचं होतं. या घरात उठवणारा एकच शब्द होता.

"माई, अडचण आहे."

त्यांच्या मुठीतले तांदूळ सांडले. "कधीपासून?"

"आत्ताच. शाळेत."

अडचण असलेल्या बाईची ओटी भरत नाहीत, एवढाच विचार मी केला होता. रीमावहिनींनी तोंडावर हात नेला तेव्हा कळलं की मी काय बोलून बसले.

"अगो बाय," ठमाबाई म्हणाल्या. "पडला का?"

माईंनी मला आतल्या खोलीत नेऊन निजवलं. एरवी त्या चार दिवसांत मला न शिवणाऱ्या माई माझ्या उशाशी बसून केसांतून हात फिरवत होत्या. "आल्हादच्या आधी माझंही दोनदा गेलं. कोणापाशी बोलले नाही. रड, मोकळी हो."

मला रडू येईना. "माई, मूल नव्हतंच," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. दोन्ही आकडे, गोळी, महिन्यानंतरची तपासणी. केसांतला हात थांबला.

"म्हणजे पाळी गेली तुझी? या वयात?"

"थायरॉइडमुळे थांबली असेल तर येईल. दुसऱ्या कारणाने असेल तर कदाचित..."

"हळू बोल. शुक्रवार आहे, मागच्या कारखान्यातले लूम बंद आहेत. सगळं ऐकू जातं." त्यांनी दाराकडे पाहिलं. "आल्हादला माहीत आहे?"

"उद्या सांगणार आहे."

"नाही सांगायचं. पडलं म्हटलं की लोक म्हणतात, पुन्हा राहील. हे सांगितलंस तर काय म्हणतील?"

"पण ते खोटं आहे, माई."

"आणि हे तरी खरं कुठे आहे? महिनाभर काही नक्की नाही, तूच म्हणालीस ना?"

त्यांनी माझ्या अंगावर चादर ओढली, डोळे पुसले आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

"हो, गेलं," बाहेर त्यांचा आवाज आला. "देवाच्या मनात नव्हतं." ठमाबाई हुंदके देत होत्या. रीमावहिनी म्हणाल्या की शाळेत त्या निरोप देतील, दोन आठवडे तरी उठू देऊ नका. मग माईंनी फोन लावला. त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.

"आल्हाद, बाळा, आधी खाली बस."

मी उठून दारापाशी गेले. कडीवर हात ठेवला. "मूल गेलं रे," माई म्हणाल्या. मग आल्हादचा आवाज आला, घोगरा.

"तनया कुठे आहे? तिच्याकडे दे फोन."

"झोपली आहे," माई म्हणाल्या.