खडकवाडीच्या हापशाला देवी आली

मित्रांनो, मी खडकवाडीचा जुना हापसा आहे. धारूरच्या डोंगरात, शाळेच्या भिंतीला लागून, एका टेकाडाच्या पायथ्याशी माझा मुक्काम आहे. माझा दांडा वाकडा झाला आहे, रंग कधीच उडाला आहे आणि ओट्याचा एक कोपरा फुटला आहे. नवा माणूस मला बघून नाक मुरडतो. मुरडू दे. तहान लागली की तोच माणूस दोन्ही हातांनी माझ्या दांड्याला लोंबकळतो!

एरवी मी पाण्यापुरतं तोंड उघडतो. पण गेल्या नवरात्रात जे घडलं, त्याचा धक्का माझ्यातून अजून गेलेला नाही. असं कसं झालं, सगळं गाव डोळे उघडे ठेवून उभं असताना असं कसं झालं, हेच मी रोज स्वतःला विचारतो. म्हणून आज तुम्हाला सांगतो.

माझा जन्म झाला तेव्हा खडकवाडीत बोरची गाडी पहिल्यांदाच आली होती. तिच्या धडधडीनं बकऱ्या डोंगरात पळाल्या. मशीन खाली खाली जात होतं आणि वर दगडाचं पांढरं पीठ उडत होतं. बघ्यांचे केस, भुवया, मिशा सगळं पांढरं झालं. त्या गर्दीत सुभद्राबाई उभी होती. तेव्हा ती तरुण होती आणि तिच्या कडेवर तिचा भागवत होता. पोरगं खोकायला लागलं, तसं तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि ते पीठ बोटांत चोळून पाहिलं. मग एकाएकी खालून पाणी उसळलं आणि सगळे चिंब झाले. बायका रडत होत्या आणि हसतही होत्या. त्या दिवशी मला जो नारळ फुटला, त्याचा मान मी आजवर मिरवतो.

पुढची वर्षं माझी कष्टाची आणि कौतुकाची. लग्न असो, बारसं असो, पहिली घागर माझ्याकडूनच जायची. मध्ये गावात नळ आले. तेव्हा माझ्या ओट्यावर कुत्री झोपू लागली आणि पोरं माझ्या दांड्याचा झोका करू लागली. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? उन्हाळा आला की नळ कोरडे पडायचे आणि घागरींची रांग पुन्हा माझ्यापुढे लागायची. मी रुसलो नाही. रुसणं आपल्याला परवडत नाही.

आमच्या वाडीची एक रीत आहे. दसरा झाला की अर्धं गाव ऊसतोडीला निघतं. कुणी जवळच्या साखर कारखान्याकडे जातं, कुणी त्याहून लांब. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. निघताना गाड्या माझ्यापाशी थांबतात. बायका खाली उतरतात, माझ्या दांड्याला कुंकू लावतात आणि म्हणतात, "आमच्या मागं म्हाताऱ्याला, लेकराला जप रं बाबा." गुढीपाडव्याच्या सुमाराला परत आल्या की घरी जायच्या आधी इथंच पाणी पितात. म्हणजे मित्रांनो, ही माणसं आपली माणसं माझ्या स्वाधीन करून जातात. केवढा विश्वास हा! ऊर भरून येतो माझा.

भागवत आता मोठा झाला आहे. तो आणि त्याची बायको सत्यभामा धाकट्या पोराला घेऊन दर वर्षी तोडीला जातात. त्यांची रोहिणी सहावीत आहे. ती आजीजवळ, म्हणजे सुभद्राबाईजवळ राहते आणि शाळेत जाते. हे जमतं, कारण पाणी दाराशी आहे. मी आटलो तर खालच्या ओढ्यातल्या विहिरीवरून घागरी चढवाव्या लागतात. सुभद्राबाईचे गुडघे आता तो चढ चढत नाहीत. म्हणजे पाणी रोहिणीनं आणायचं, आणि पाणी आणायचं तर शाळा सुटली. एवढी साधी गोष्ट होती. रोहिणीची शाळा माझ्या पोटातल्या पाण्यावर चालली होती.

हे सुभद्राबाईनं सगळ्यांत आधी ओळखलं. गावात जो तो बोर घेऊ लागला आणि गावचा जुना आड आटला, तेव्हा ती ग्रामसभेत उभी राहिली. म्हणाली, "घरात कितीबी भांडणं व्हवू द्या, लेकराच्या तोंडातला घास कुणी काढतं का? हापशाचं बी तसंच हाय." मग ठराव झाला. हापशापासून पाचशे मीटरच्या आत कुणीही बोर पाडायचा नाही. तसा सरकारचा कायदा आहेच, पण कायदा तालुक्याला असतो आणि बोरची गाडी गावात येते. म्हणून गावानं आपल्या तोंडानं शब्द दिला. मला वाटलं, आता आपल्याला कसली भीती नाही.

गेल्या वर्षी पावसानं दगा दिला. टेकाडाच्या पलीकडे मोहनरावांचा मळा आहे. मोहनराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचा ऊस वाळायला लागला आणि पाणाड्यानं हातावर नारळ धरून त्यांना एक जागा दाखवली. पण अण्णांनी लपूनछपून काही केलं नाही. सरळ सरपंच बंकटला घेऊन माझ्या ओट्यापाशी आले आणि चार माणसांत म्हणाले, "मला चोरून बोर घ्यायचा न्हाई. समद्यांसमोर मोजा. नियमात बसलं तर घेतो, न्हाई तर गाडी माघारी. आन् पाणी लागलं तर एक नळ गावाला."

केवढा मोठेपणा, असं सगळ्यांना वाटलं. भागवत धावत जाऊन बैलाचा कासरा घेऊन आला. शाळेतल्या पट्टीनं कासरा मोजला आणि त्याचं एक टोक माझ्या दांड्याला लावून भागवत कासऱ्यापुढे कासरा टाकत निघाला. कुठून? तर गाडीवाटेनं! शाळेला वळसा, मारुतीच्या पाराला वळसा, टेकाडाला अख्खा वळसा. त्याच्या मागे सगळं गाव. आमच्याकडे कुणाचंही अंतर असंच सांगतात, माणूस ज्या वाटेनं जातो त्या वाटेनं. एकालाही त्यात काही खटकलं नाही. हसत खेळत सगळे परत आले.

"मोजलं का बे नीट?" बंकटनं विचारलं.

"मोजलं की! पाचशेच्या पार वर गेलंय," भागवत कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "अण्णा, घ्या तुमी बिनघोर."

झालं! गावानं आपल्याच हातानं कासरा धरला आणि तो माझ्याच गळ्यात घातला.

नवरात्राची पाचवी माळ होती. सकाळी सुभद्राबाईनं माझ्यापुढे घागर ठेवली. तिनं दांड्याला हात लावायच्या आधीच माझ्या पोटात काहीतरी गुरगुरलं. मला कळेना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. खालून कुणीतरी जोरानं फुंकर मारत होतं. श्वास घशाशी आला, 'फुस्स' करून वारा सुटला आणि माझ्या तोंडातून भसाभसा पाणी उसळलं. दुधासारखं पांढरं पाणी!

"अगं बया!" सुभद्राबाई मागे सरकली. "हात न लावता पाणी! देवी आली गं हापशाला!"

बघता बघता सगळी वाडी गोळा झाली. हळद आली, कुंकू आलं, माझ्या दांड्याला हिरवा खण बांधला. सत्यभामानं दिवा लावला. कुणी नारळ फोडला, कुणी माझ्या पायावर डोकं ठेवलं. हलगी वाजायला लागली. आणि मी? मी घाबरून अर्धा झालो होतो. अहो, ही कसली देवी? माझा जीव चालला आहे! माझं पाणी कुणीतरी आतून ढवळतं आहे! पण हापशाला बोलता येत नाही. मी गुदमरत होतो आणि माझी माणसं माझी आरती ओवाळत होती.

सुभद्राबाईनं तळहातावर ते पाणी तीर्थ म्हणून घेतलं आणि तोंडात टाकलं. तिची दाढ करकरली.  तोंडातला कण बोटावर घेऊन तिनं चोळला.

"हलगी बंद करा," ती म्हणाली. "ही देवी न्हाई. हे दगडाचं पीठ हाय. हापसा पाडला तवा असंच उडालतं."

आणि मित्रांनो, ती म्हातारी, जिला ओढ्याचा चढ जमत नाही, ती बकऱ्यांच्या पायवाटेनं टेकाडावर चढायला लागली. मध्येच बसायची, गुडघे दाबायची, पुन्हा उठायची. रोहिणी तिच्या मागे धावली. टेकाडाच्या माथ्यावर पोचून सुभद्राबाईनं इकडे पाहिलं, तर खाली मी खण बांधून उभा. तिकडे पाहिलं, तर खाली बोरची गाडी पांढरा धुरळा उडवत उभी. दोघांच्या मध्ये नुसतं एक टेकाड! गाडीनं खाली सोडलेला वारा दगडाच्या भेगांतून माझ्या पोटात शिरत होता. तिथून तिनं जी हाक मारली, ती मला ऐकू आली आणि तिकडे मळ्यातही गेली.

"भागवत्या! अरं, हे तर हाकेवर हाय रं!"

पुढचं मला माझ्या ओट्यावरच्या बायकांकडून कळलं. ती खाली मळ्यात उतरली तोवर तिकडे पाणी लागलं होतं आणि गुलाल उधळला होता. अण्णा चकित होऊन म्हणाले, "मावशी, तुमच्याच पोरानं कासरा धरलता. आता कावून अडवता?"

"माणूस वाटंनं जातंय, अण्णा," ती म्हणाली. "पाणी काय बैलगाडीत बसून जातंय व्हय?"

 पण बोरमध्ये मोटार सोडायचं कुणी थांबवलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी रोहिणीनं माझा दांडा खाली दाबला. तो हलका लागला. इतका हलका की ती तोल जाऊन पुढे पडली. पाण्याचं वजनच नव्हतं! तिनं पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. खालून नुसता कोरडा घरघराट येत होता. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, अगदी खरोखर. मी आटलो होतो. दुष्काळात न आटलेला मी, सणाच्या दिवशी आटलो होतो.

बंकटनं ग्रामसभा बोलावली. या वेळी कासरा टेकाडावरून सरळ धरला आणि तो पुन्हा भागवतच्याच हातात दिला. पाचशेचं माप निम्म्यावरही आलं नाही, तोच बोर आला. भागवत तिथंच मातीत बसला. "मीच मोजलं," एवढंच तो म्हणत राहिला, "मीच मोजलं की रं." तालुक्याला तक्रार गेली, आणि अण्णांनी कबूल केलेल्या नळाचा पाइप टाकायचा तसाच राहिला. साहेब म्हणाले, बोर बंद करू, पण आधी नोटीस द्यावी लागेल, तिची मुदत संपावी लागेल. नोटिशीला मुदत असते, मित्रांनो. तहानेला तेवढी नसते.

आणि ऊसतोडीचा ट्रक तर दाराशी आला होता. सुभद्राबाईला शेजारणी एकेक घागर देऊ म्हणाल्या. पण पोरीचं काय? भागवत खाली मान घालून म्हणाला, "हितं राहिली तर दिवसभर घागरीच वाहील. त्यापरीस आमच्याबरुबर येऊ द्या. धाकट्याला तरी सांभाळील."

रीतीप्रमाणे ट्रक माझ्यापाशी थांबला. सत्यभामा बोटावर कुंकू घेऊन खाली उतरली. तिनं ते माझ्या दांड्याला लावलं, पण दर वर्षीचं वाक्य तिला म्हणता येईना. कोरड्या हापशाला काय जप म्हणायचं?  ट्रकच्या फाळक्यावर दप्तराशिवाय बसलेली रोहिणी माझ्याकडे बघत होती. मला कुणी सांगितलं असतं की हे लेकरू माझ्या डोळ्यांदेखत असं जाईल, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

दिवाळीनंतर एकदाची तालुक्याची माणसं आली. त्यांनी मळ्यातली मोटार वर काढली आणि बोरच्या तोंडावर लोखंडी झाकण बसवलं. अण्णा बाजूला उभे होते. "मी तर नियम पाळलाता," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला वाटतं, त्यांना ते खरंच वाटत होतं. त्यामुळेच माझा धक्का जाता जात नाही. कुणी चोरी केली असती तर मी त्याच्यावर रागावलो तरी असतो!

सुभद्राबाई मात्र रोज सकाळी यायची आणि माझा दांडा मारून बघायची. एक दिवस माझ्या पोटात गार काहीतरी सरकलं. दांडा जड झाला. आधी गढूळ, मग लाल, मग स्वच्छ पाणी आलं. तिनं घागर लावलीच नाही. तिनं कमरेचा फोन काढला, भागवतला लावला आणि फोन माझ्या तोंडापाशी धरून दुसऱ्या हातानं दांडा मारत राहिली. पलीकडे भागवतनं फोन रोहिणीच्या कानाला लावला. मग रोहिणीचा आवाज आला, "आज्जे, मपला हापसा हाय का गं?" मपला म्हणजे माझा, मित्रांनो!

ती एसटीनं परत आली. घरी न जाता आधी माझ्याकडे आली आणि तिनं माझ्यापुढे ओंजळ धरली. आजीनं दांडा मारला. पाणी हातावर पडलं आणि पोरगी कळवळून मागे सरली. तिच्या तळहातांना उसाच्या पाचटानं जागोजाग चिरा पडल्या होत्या. म्हणे, धाकट्याला सांभाळणार होती! माझं पाणी तिला झोंबलं. अख्ख्या आयुष्यात माझं पाणी कुणाला झोंबलं नव्हतं.

मित्रांनो, माझा फुटका ओटा आणि वाकडा दांडा दुरुस्त नाही केला तरी चालेल. पण माझ्या खालचं पाणी सांभाळा. ते वळसे घेऊन चालत नाही, म्हणून कासरा सरळ धरा. आणि तुमच्या गावचा हापसा कधी हात न लावता वाहायला लागला, तर नारळ फोडू नका. आधी टेकाडावर चढा आणि पलीकडे बघा.