उभं राहायची सवय

तंकमणीच्या पोटऱ्या तिच्या नवऱ्यानेसुद्धा दहा वर्षांत पाहिल्या नव्हत्या. अंघोळीहून ती घोट्यापर्यंत परकर ओढूनच बाहेर यायची, आणि त्रिशूरच्या ऐन उन्हाळ्यातही पायांवर चादर घेऊन झोपायची. राघवन बिचारा समजायचा, बायकोला थंडी सोसत नाही.

परकराच्या आत, उजव्या पायावर, सुपारीच्या झाडावर मिरीची वेल चढावी तशा हिरव्यानिळ्या शिरा वेटोळी घालून फुगल्या होत्या. घोट्याजवळची कातडी काळी पडून कागदासारखी पातळ झाली होती. दोन वर्षांपूर्वी ती चोरून दवाखान्यात जाऊन आली, तीही कुन्नंकुळमला, म्हणजे ओळखीचं कुणी भेटायला नको. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं. शिरांच्या आत झडपा असतात, वर चढलेलं रक्त त्या पुन्हा खाली पडू देत नाहीत. तुमच्या झडपा सैल झाल्यात. एका जागी उभं राहिलं की रक्त पायातच साचतं. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी घट्ट मोजे चढवा, मधून मधून बसा, चाला, झोपताना पाय उशीवर ठेवा. शिवाय आता लेसरने आतून शीर बंद करता येते, संध्याकाळी माणूस घरी. एवढं ऐकून तंकमणीने एकच विचारलं, "मोजे साडीखालून दिसतील का?"

दिसणार होते. म्हणून ते कपाटातच राहिले. तंकमणी एका मोठ्या कापड दुकानात लग्नाच्या साड्यांच्या मजल्यावर मुख्य होती, हाताखाली अकरा मुली, आणि तिची सगळी ऐट एकाच गोष्टीची होती: बावीस वर्षांत ती दुकानात एकदाही बसली नव्हती. एका ओणमला मालक सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तंकमणीकडून शिका." त्या दोन शब्दांवर बाई अजून जगत होती.

पुढे कायदा झाला. दुकानातल्या बायकांना बसायला जागा दिलीच पाहिजे, असं ठरलं, आणि प्रत्येक काउंटरमागे स्टूल आलं. पंधरा दिवसांत त्या स्टुलांवर साड्यांचे खोके चढले. मॅनेजरने सांगितलं नव्हतं, मालकांनीही नाही. तंकमणीने आपल्या हातांनी ते ठेवले. उद्या सगळ्याच बसायला लागल्या तर आपल्या बावीस वर्षांना विचारतो कोण, असं काहीसं तिच्या मनात होतं. पण ते तिने स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

काउंटरवर चार वर्षं काढलेली लिजी नावाची एक मुलगी होती, चालक्कुडीची, चोवीस-पंचवीसची. ओणमच्या महिनाभर आधी, दुपारच्या जेवणाला सगळ्या डबे उघडून उभ्या असताना, ती हातात चिठ्ठी घेऊन आली. "चेच्ची, जरा बघता का?" थोरली बहीण म्हणून सगळ्याच तंकमणीला चेच्ची म्हणायच्या. डॉक्टरने लिहिलं होतं, दर तासाला दहा मिनिटं बसू द्यावं.

"काय झालंय एवढं?"

लिजीने साडी गुडघ्यापर्यंत वर केली. पोटरीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक निळ्या-जांभळ्या रेघा होत्या, आणि गुडघ्यामागे एक शीर नुकती फुगायला लागली होती. तंकमणीने ती पाहताक्षणी ओळखली. तिची स्वतःची अगदी अशीच सुरू झाली होती. इतक्यात तिच्या ध्यानात आलं की सगळ्या मुली हातातला घास थांबवून आपल्याकडे बघताहेत.

"अगं, असल्या रेघा नकाशावर असतात," ती म्हणाली. "म्हणून नकाशा आजारी पडतो का?"

मुली हसल्या. हशाने माणसाला चेव येतो. "बावीस वर्षं उभी आहे मी. माझ्या पायावर एक शीर दाखव बघू. लाड आहेत हे सगळे. उभं राहायची सवय लागली की दुखणं आपोआप पळतं."

चेच्चीला साडी वर करा म्हणायची कुणाची छाती होती? लिजीने चिठ्ठीची घडी घातली.

तंकमणीला त्या दिवशी भात गेला नाही. तिला शरम वाटली, पुष्कळ वाटली. पण शरमेने माणूस सुधारतोच असं नाही. बरेचदा तो, ज्याच्यापायी शरम वाटली त्याचाच राग धरतो. दुसऱ्या दिवसापासून लिजीची पाळी पुढच्या काउंटरवर लागली, जिथं टेकायला भिंतसुद्धा नव्हती.

ओणम आठ दिवसांवर आलं आणि कामगार खात्याच्या एक बाई तपासणीला आल्या. त्या जिना चढत होत्या तेवढ्यात मॅनेजरने डोळ्यांनी खुणावलं, आणि तंकमणीने धावत जाऊन स्टुलांवरचे खोके उतरवले, पायाने ढकलून काउंटरखाली सारले. घोट्याला काहीतरी ओरखडलं. खोक्याची पिन असेल.

बाईंनी वही उघडली. "मुलींना बसायला मिळतं?"

"मिळतं की. स्टुलं समोरच आहेत."

बाई लिजीकडे वळल्या. "आणि तुमचं काय म्हणणं?"

लिजीने तंकमणीकडे पाहिलं. "चेच्ची म्हणतात तसंच."

तेवढ्यात तंकमणीची टाच ओली झाली. दुखत काहीच नव्हतं, नुसतं गरम लागत होतं, म्हणून तिला वाटलं कुणाचा तरी चहा सांडला. खाली पाहिलं तर साड्या मांडायच्या पांढऱ्या गादीपर्यंत रक्ताचा ओघळ गेला होता.

एकच धावपळ झाली. कुणी स्टूल आणलं, कुणी पाणी. "बसवा, आधी त्यांना बसवा."

"बसवू नका," लिजी म्हणाली. "पाय खाली लोंबला की आणखी वाहील. आडवं करा."

तिने चेच्चीला गादीवर झोपवलं, साडी गुडघ्यापर्यंत सारली, पाय उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि टॉवेलची घडी जखमेवर घट्ट दाबून धरली. दहा वर्षं जो पाय नवऱ्याने पाहिला नव्हता, तो दुकानभर सगळ्यांनी पाहिला. एक नवरी मुलगी आणि तिची आई हातातल्या साड्या तशाच धरून बघत होत्या. मुलींपैकी एकीलाही हसू आलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. तंकमणीने पदर तोंडावर ओढला.

कामगार खात्याच्या बाई शेजारी टेकल्या. "हे किती वर्षांचं?"

"बारा."

"आणि बसायला मिळत होतं?"

मॅनेजर खाकरला. पदराच्या आतून तंकमणीला त्याचे चकचकीत बूट तेवढे दिसत होते.

"नाही," ती म्हणाली. "स्टुलांवर खोके असायचे. मीच ठेवत होते. मला कुणी सांगितलं नव्हतं."

बाईंनी लिहून घेतलं. मॅनेजर त्यांच्या मागे मागे जिन्याकडे गेला, गिऱ्हाइकं पांगली, एक मुलगी रिक्षा आणायला पळाली. रक्त थांबलं होतं, तरी लिजीने टॉवेल सोडला नाही. तिचे गुडघे फरशीवर टेकलेले होते आणि खांद्यावर तो जड, कुरूप पाय.

"लिजी," तंकमणी पदराआडून म्हणाली, "त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोलले."

"माहीत होतं, चेच्ची."

"कसं?"

"संध्याकाळी जिना उतरताना तुम्ही उजव्या पायावर भार देत नाही. मीही नाही देत. म्हणून तर चिठ्ठी मॅनेजरकडे न नेता तुमच्याकडे आणली. म्हटलं, काय दुखतं ते यांना सांगावं लागणार नाही."