नाडी लागतेय

धामापूरच्या मथुराबाई शाळेत विज्ञान शिकवत. चौऱ्याऐंशी सालच्या मार्चात, सकाळी चुलीसाठी लाकडं ओढताना त्यांच्या हाताला नाग डसला. नवरा बाबली आणि सासू हौसाबाई यांनी त्यांना जीपमध्ये घातलं आणि दवाखाना गाठायला निघाले.

वाटेतच त्यांच्या पापण्या खाली आल्या. उघडू म्हणता उघडेनात. मग जीभ जड झाली, आवंढा गिळवेना. वर्गात त्या दरवर्षी सांगत, स्नायू तीन जातींचे. आपल्या मर्जीने हलतात ते ऐच्छिक, पोटा-आतड्यांतले अनैच्छिक आणि तिसरे हृदयाचे. विष ऐच्छिक स्नायूंवर चालून आलंय, हे त्यांनी ओळखलं. पाठोपाठ आठवलं, श्वास ओढणारे स्नायूही त्याच जातीचे.

दवाखान्यात खाटेवर निजवलं तेव्हा बोटही हलत नव्हतं. श्वास इतका बारीक, की छाती हलताना दिसेना. ऐकू मात्र सगळं येत होतं.

"बाबल्या, श्वास खंय आसा तिचो?" हौसाबाई म्हणाली. "गेली रे ती."

कोणीतरी पदर तोंडावर ओढला. 'मी आहे, मी आहे,' मथुराबाई आतल्या आत ओरडत होत्या. कानात ठोके घणासारखे पडत होते आणि ते बाहेर कुणालाच ऐकू जात नव्हते.

पदर दूर झाला. मानेवर गार बोटं टेकली.

"नाडी लागतेय," डॉक्टर म्हणाले. "हृदय चालू आहे."

घशात नळी गेली, हाताच्या शिरेत विषउताऱ्याची सुई. डॉक्टरांनी नळीला जोडलेला, श्वास देणारा रबरी फुगा बाबलीच्या हातात दिला. "दाबा, सोडा. थांबायचं नाही. आणि बोलत राहा, त्या ऐकत असतील."

"मथू," बाबली फुगा दाबत म्हणाला, "मी हात सोडूचंय नाय."

दर दाबाला छाती भरे. मधल्या क्षणी मथुराबाईंना वाटे, आता हा दमला, आता थांबला. दुपारभर बाबली आणि नर्स आळीपाळीने फुगा दाबत होते.

संध्याकाळी पायाचा अंगठा हलला. दुसऱ्या दिवशी नळी निघाली, डोळे उघडले. तळहाताला फोड आलेला बाबली खाटेला टेकून झोपला होता. मथुराबाईंनी त्याला उठवलं नाही. त्यांनाही झोप अनावर होत होती. पण मिटलेले डोळे पुन्हा उघडले नाहीत तर, या धास्तीने त्या वर फिरणाऱ्या पंख्याकडे टक लावून पाहत राहिल्या.