सगळ्यांचे बाबा

सत्काराची शाल अंगावर घ्यायला परेश कधीच नाही म्हणत नाही, हे संपदाला लग्नाआधीपासून ठाऊक होतं. म्हणून ॲन्सेल्म घरी येऊन परेशला म्हणाला की गास गावच्या सभागृहात तुझा सत्कार ठेवलाय, तेव्हा ती मुकाट्याने परेशचा झब्बा इस्त्री करायला घेऊन गेली. ॲन्सेल्म त्याचा शाळेतला बाकावरचा सोबती. परेशने “कशाला उगाच” म्हटलं खरं, पण इतक्या हळू, की ॲन्सेल्मला ऐकू जाऊन त्याने खरंच बेत रद्द करू नये.

सत्कार करण्यासारखं काम मात्र तो करत होता. अंधेरीच्या ऑफिसातली नोकरी सोडून, नायगावचा फ्लॅट भाड्याने देऊन, बायको-मुलीसह तो टांझानियातल्या एका खेड्यात निराधार मुलांचं बालगृह चालवायला गेला होता. संपदा नर्स, ती तिथला दवाखाना बघायची. आता महिनाभराच्या सुट्टीवर तिघं आत्मारामच्या, म्हणजे परेशच्या वडिलांच्या घरी उतरली होती.

आणि इथे घोडं अडलं होतं. मुलगी ऋतिका, वय वर्षं अकरा, तिने आल्या आल्या जाहीर केलं होतं की मी परत येणार नाही, मी आजोबांकडेच राहणार. आत्मारामने लगेच दुजोरा दिला. “राहूदे की हिकडं. शाळा हाय, आमी हाव,” असं म्हणून तो वाडीत पाणी सोडायला निघून गेला. त्याला ऐकू कमी येत असल्याने पुढचा वाद घालायला माणूसच उरला नाही.

परेश घाबरला होता, पण हातपाय गाळून बसला नव्हता. सत्काराचं भाषण ऐकून पोरीचं मन बदलेल असं त्याला मनापासून वाटत होतं. आपल्या भाषणाने कोणाचंही मन बदलतं असा त्याचा समज होता आणि तो आजवर कोणी तोंडावर मोडला नव्हता.

भाषणात त्याचं एक हुकमी वाक्य होतं. तिथली लेकरं मला काय म्हणतात माहितीये? बाबा म्हणतात. आपल्या मराठीतलं बाबा. एवढं बोलून तो पाण्याचा घोट घ्यायला थांबे, कारण तिथे टाळ्या पडत आणि एखाद्या बाईचा पदर डोळ्यांना लागे. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ऋतिकाने त्याला विनंती केली की ते वाक्य आज नको. का, तर ते खरं नाही. परेशने तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तुला ते आत्ता कळणार नाही.

वाक्य झालं, घोट झाला, टाळ्याही झाल्या. मग ॲन्सेल्मला हौस आली आणि त्याने ऋतिकाच्या हातात माईक दिला.

“तिकडच्या भाषेत वडिलांना बाबाच म्हणतात,” ती म्हणाली. “पण कुठल्याही मोठ्या माणसाला पण बाबा म्हणतात. कोळसेवाल्याला पण म्हणतात. आमच्या ड्रायव्हरला पण.” आणि ती जाऊन आईशेजारी बसली.

सभागृह हसलं. सगळ्यांत मोठ्याने परेश हसला, इतका की शाल खांद्यावरून घसरली आणि ती सावरायच्या निमित्ताने त्याला मान खाली घालता आली.

घरी ओटीवर बसल्यावर आत्मारामने सरळ विचारलं की मग तू बापाला काय म्हणतेस. म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं होतं की आल्यापासून पोर बापाला ‘ऐक ना’ म्हणते, नाहीतर आईकडून निरोप धाडते. परेशच्या मात्र हे ध्यानातच आलं नव्हतं. मुलांचं मन कसं ओळखावं यावर तो तासभर बोलू शकत असे.

“तिकडे परेश म्हणते,” ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात नव्हे. एकदा बाथरूमची कडी आतून अडकली. ती बाबा, बाबा म्हणून ओरडत होती. बाहेर अंगणात परेश मुलांना दूध वाटत होता आणि चारी बाजूंनी बाबा, बाबा चाललं होतं. तो न वळताच म्हणाला, हो बाळा, रांगेत ये. शेवटी ती ‘परेश’ म्हणून किंचाळली, तेव्हा तो धावत आला, दार तोडलं आणि वडिलांना नावाने हाक मारते म्हणून तिला ओरडला.

परेशला आपलं ते ओरडणं आठवत होतं. बाकीचं काही आठवत नव्हतं. इथे सगळी मुलं सारखी, हे त्याने स्वतः बालगृहाच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवून घेतलं होतं. आणि पप्पा-बिप्पा आपल्या घरात चालणार नाही, बाबाच म्हणायचं, हा हट्टही त्याचाच. संपदा शहाणी. तिने तिथे स्वतःला सिस्टर म्हणवून घेतलं आणि आई हा शब्द तिथे कोणालाच ठाऊक नसल्याने तो ऋतिकाचा एकटीचा राहिला. परेशला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली की पोर आता खरंच इथे राहणार.

त्यावर त्याने जो उपाय काढला तो त्यालाच शोभणारा होता. बाबा अशी हाक कुठूनही आली की तो वळू लागला. सोपाऱ्याच्या बाजारात दुसऱ्याच्या पोराने हाक मारली, हा वळला. केळीवाला “बाजूला व्हा ना बाबा” म्हणाला, तरी हा हसतमुखाने वळला आणि मागच्या बाईच्या पिशवीवर आदळला. ऋतिका सगळं बघत होती.

निघायचे दिवस जवळ आले तेव्हा एका सकाळी परेश वाडीत फोनवर बोलत होता. बालगृहाच्या छपरासाठी देणगी द्यायचं ज्या बाईंनी कधीपासून कबूल केलं होतं, त्यांचा फोन अखेर आला होता. परेशचा आवाज नुकताच भाषणाच्या पट्टीत चढला होता, तेवढ्यात केळीच्या पलीकडून हाक आली, “बाबा!”

“हो बाळा, रां—” सवयीने तोंडातून निघालंसुद्धा. त्याने जीभ चावली. बाईंना नंतर करतो म्हणाला आणि धावत सुटला. पाटाच्या कडेला पाय घसरला, तो गुडघाभर चिखलात आणि फोन पाण्यात.

ऋतिका केळीखाली धडधाकट उभी होती.

“काय झालं?”

“काही नाही. येतोस का बघत होते.”

परेशला राग यायला हवा होता. तो आला नाही. तो तसाच चिखलात उभा राहिला.

“फोन कोणाचा होता?”

“छपराचा.”

तिला बालगृहातली नीमा आठवली. “नीमाच्या अंथरुणावर गळतं तिथे. आजोबांच्या फोनवरून कर त्यांना.” मग चप्पल झटकत म्हणाली, “मी येते परत. पण तिकडे मी परेशच म्हणणार.”

“का गं? आता तर मी आलो ना.”

“त्या नावाला रांग नाही.”

परेशने होकारार्थी मान हलवली आणि ती हसली. तेवढ्यात मागून धापा टाकल्याचा आवाज आला. वाडीच्या दुसऱ्या टोकाहून आत्माराम फावडं घेऊन, पडत-धडपडत येत होता. त्याची एक चप्पल कुठेतरी मागेच राहिली होती.

“काय झालं रं?” त्याने परेशला विचारलं. “बाबा म्हनून वरडलास ना?”

ओरडली ती ऋतिका, हे सांगायचं परेशने तसंच राहू दिलं. त्याने वडिलांच्या हातातलं फावडं घेतलं आणि मागे राहिलेली चप्पल आणायला गेला.