एकोणनव्वद सेकंद

घड्याळजींनी फितीवर दुसरी पांढरी खूण केली, दोनदा फुंकून वाळवली आणि स्टॉपवॉच हातात घेतलं. दोन खुणांमधलं अंतर त्यांनी दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकून मोजलं होतं. बरोबर साडेसातशे इंच. टेपरेकॉर्डरने सेकंदाला साडेसात इंच फीत ओढायला हवी, तेव्हा एका खुणेपासून दुसरीपर्यंत शंभर सेकंद. हिशोब सोपा होता.

एकोणनव्वद लागले.

अंगठा घसरला असेल म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं. एकोणनव्वद. स्टॉपवॉच बदललं, फीत उलटी गुंडाळली, दाराला आतून कडी घातली आणि तिसऱ्यांदा मोजलं. तेवढेच.

मग ते स्टुलावर बसून राहिले. दिवसाला चार सेकंद पुढे जाणारं घड्याळ गिऱ्हाइकाला परत न देणारा हा माणूस. पट्टा नवा, काच पुसलेली, तरी "अजून दोन दिवस राहू दे" म्हणणारा. आणि त्याच्या स्वतःच्या घरातलं यंत्र एकतीस वर्षं शंभरात अकरा सेकंद पळत होतं. हे बाहेर कळलं तर लोकांना वर्षभर हसायला पुरलं असतं.

सुरुवात भाचीच्या फोनने झाली होती. ती रेडिओवर ध्वनिमुद्रणाचं काम करायची. मुलाकडे राहायला निघालेल्या मास्तरांना निरोपाची भेट म्हणून त्यांच्या आवडत्या गाण्याच्या स्पूलची नवी प्रत काढून दे, असं घड्याळजींनीच तिला सांगितलं होतं.

"मामा, काय सुंदर गाते रे ही बाई! कोण आहे?"

"बाई नव्हे, मुलगी. नाव कुणालाच माहीत नाही. स्पूलवर चिठ्ठीच नव्हती."

"मुलगी? साठीच्या पुढची असेल. आवाज थकलाय तिचा. पट्टीसुद्धा खालची, पेटीची काळी तीन."

"काळी चार," घड्याळजी म्हणाले होते. एकतीस वर्षं एकत्र बसून ऐकणारे ते सगळे काळी चार म्हणत आले होते.

"आमच्या मशीनवर तरी तीन आहे. तुझं यंत्र पळत नाही ना?"

तेव्हा ते हसले होते.

यंत्र त्यांनी जुन्या बाजारातून उचललं होतं आणि हे एक स्पूल त्याच्याबरोबरच आलं होतं. बाकीची सगळी त्यांनी याच यंत्रावर मुद्रित केलेली, म्हणून ज्या चुकीने भरली त्याच चुकीने वाजायची आणि कानाला बरोबर लागायची. बाहेरून आलेलं हे एकच. मोटरवरची पितळी पुली आधीच्या मालकाने बदलून जाड बसवली होती, म्हणून फीत जास्त वेगाने ओढली जायची. घड्याळजींनी ती काढून तळहातावर ठेवली. हरभऱ्याएवढी वस्तू, पण तिने एका म्हाताऱ्या बाईला विशीत नेऊन बसवलं होतं.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चौघं मास्तरांच्या घरी जमायची. मास्तर, त्यांची बायको म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, दातांचे डॉक्टर आणि घड्याळजी. नियम दोनच. ऐकण्याआधी कुणी काही बोलायचं नाही आणि ऐकल्यावर प्रत्येकाने काहीतरी बोलायचंच. कुणी काय म्हटलं ते घड्याळजी वहीत लिहायचे, कारण अक्षर त्यांचं चांगलं. वह्या मास्तरांच्या कपाटात असायच्या. निरोपाच्या दिवशी त्यातलं काही वाचून दाखवावं म्हणून घड्याळजींनी पहिली वही घरी आणली होती. ती त्यांनी आता उघडली.

मास्तरांचा अभिप्राय दीड पान होता. "ही पोर विशीतली आहे. हिला अजून कुणी अडवलेलं नाही. दार उघडं दिसलं की लहान मुलं धावत सुटतात, तशी ही ताना घेते." मास्तरांना मुलगी नव्हती. एक मुलगा, तो दूर, आणि आता दोघं त्याच्याकडेच राहायला निघाली होती. छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा शुद्धीवर आल्यावर मास्तरांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते हे, की घड्याळजी, पोरीला घेऊन या. घड्याळजींनी एवढं जड यंत्र टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं होतं.

पान उलटल्यावर वहिनींचे चार शब्द होते.

"ही मुलगी नव्हे. सगळ्यांचं करून-सवरून मग गायला बसलेली बाई आहे. श्वास राखून घेते. घाई तिला नाही, घाई दुसऱ्याच कशाची तरी आहे."

त्याखाली घड्याळजींनी स्वतःचा विनोदही लिहून ठेवला होता. "वहिनी, तुमचं घड्याळ मागे पडलेलं दिसतंय." आणि पुढे कंसात, वळणदार अक्षरात, एकच शब्द: हशा.

त्यांनी पुढची पानं चाळली. मास्तर, डॉक्टर, स्वतः. वहिनींच्या नावापुढे आडवी रेघ. पुढच्या महिन्यात रेघ, त्याच्या पुढच्या महिन्यातही. घड्याळजींना आठवलं. पाळी आली की वहिनी उठायच्या आणि "चहा बघते" म्हणून आत जायच्या. गाणं सुरू असतानाही बहुतेक आतच. वहिनींना गाण्यात तेवढी गोडी नाही, असंच सगळे धरून चालले होते. घड्याळजींना बसल्या जागी शरम वाटली. अशी शरम त्यांना फार वर्षांत वाटली नव्हती.

रात्री भाचीला फोन केला.

"मग जुनीच पुली राहू दे ना," ती म्हणाली. "एक दिवसाचा प्रश्न. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"मास्तरांना किती लागेल, मामा."

घड्याळजींनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी लेथवर बसून त्यांनी नवी, बारीक पुली कातली. रविवारी निघताना जुनी उजव्या खिशात टाकली आणि नवी डाव्या.

मास्तरांच्या बैठकीत खोकी रचलेली होती. पुस्तकं गेली होती, पडदे उतरवले होते, त्यामुळे आवाज घुमत होता. डॉक्टर एका खोक्यावर टेकले होते. आत वहिनी कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"शेवटचं म्हणून पोरीलाच ऐकू," मास्तर म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. "लावा, घड्याळजी."

घड्याळजींनी यंत्राचं झाकण काढलं. यंत्राला पुली नव्हतीच, ती त्यांनी मुद्दाम बसवली नव्हती. कोणती ते ठरलं नव्हतं म्हणून. त्यांचा हात आधी उजव्या खिशात गेला. आतल्या खोलीतून एका कपाभोवती कागद चुरगळल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या कपाचा, मग तिसऱ्याचा. घड्याळजींनी हात बाहेर काढला आणि डाव्या खिशात घातला.

"काही बिघडलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. झालंच."

तंबोरा सुरू झाला. नेहमीपेक्षा जरा खाली, जरा रुंद. मग आवाज आला.

मास्तरांची बोटं सवयीने गुडघ्यावर ठेका धरायला उठली आणि चुकली. पुन्हा उठली, पुन्हा चुकली. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग घड्याळजींकडे. पण ऐकताना बोलायचं नाही हा नियम त्यांचाच. बोटं गुडघ्यावर नुसती पडून राहिली.

ताना त्याच होत्या, पण धावत सुटलेलं कुणी नव्हतं. एकेक पायरी माहीत असलेली बाई जिना उतरत होती. वरच्या सुराला आवाज किंचित फाटायचा, तिथे ती थांबायची, श्वास घ्यायची, जपून घ्यायची, आणि त्याच सुरावर पुन्हा जायची. एकतीस वर्षं त्या थांबण्याला ते पोरीचा नखरा म्हणत आले होते.

आतला कागदाचा आवाज केव्हा बंद झाला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वहिनी दारात उभ्या होत्या, हातात अर्धा गुंडाळलेला कप.

फितीचं टोक सुटून फडफडायला लागलं, तेव्हा घड्याळजींनी बटण दाबलं.

"हे आपलंच स्पूल?" डॉक्टर म्हणाले.

"आपलंच. यंत्र पळत होतं," घड्याळजी म्हणाले. घसा खाकरून मोकळा केला. "पहिल्या दिवसापासून. शंभर सेकंदांचं एकोणनव्वदात उरकायचं. मी घड्याळं दुरुस्त करतो आणि मला कळलं नाही."

हसतील, याची त्यांनी वाट पाहिली. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. कुणीच हसलं नाही.

"म्हणजे ती पोर..." मास्तर म्हणाले.

"नव्हती, मास्तर."

मास्तरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवावं असंही त्यांना वाटत नसावं. कुणीतरी आपलं गेल्यासारखे ते बसले होते. घड्याळजींना वाटलं, उजवा खिसाच बरा होता.

"नियम तो नियम," शेवटी मास्तर म्हणाले. "वही काढा. डॉक्टर?"

"मला ही जास्त आवडली," डॉक्टर हळूच म्हणाले. "का ते सांगता येत नाही."

घड्याळजींनी लिहिलं. "मास्तर, तुमचं?"

"माझ्यापुढे आज रेघ मारा."

त्यांनी रेघ मारली. मग पेन तसंच धरून दाराकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्या दिशेला कधी विचारलं नव्हतं.

"वहिनी, तुमचं?"

वहिनींनी कप खोक्यावर ठेवला, हात पदराला पुसले.

"माझं लिहिलेलं आहे की तुमच्याकडे, भावजी."

घड्याळजींनी मान खाली घातली. कपाट वहिनीच पुसायच्या, वह्याही त्याच झटकून ठेवायच्या. हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"फक्त शेवटचा शब्द तेवढा खोडा," वहिनी म्हणाल्या.

घड्याळजींनी पिशवीतून पहिली वही काढली. पान शोधावं लागलं नाही, खूण घातलेली होती. मास्तर पुढे वाकले, चष्मा लावला आणि पत्नीचं म्हणणं सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग कंसातल्या त्या शब्दापर्यंत आले. वाचून झाल्यावरही बोट तिथेच राहिलं, म्हणून घड्याळजींना थोडं थांबावं लागलं. मग त्यांनी शब्द खोडला.

"परत लावा," वहिनी म्हणाल्या आणि मास्तरांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

मास्तर गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"मी चहा बघतो," ते म्हणाले.

तंबोरा सुरू झाला. आतून खोकी उघडल्याचे आणि पुन्हा बंद केल्याचे आवाज बराच वेळ येत राहिले. चहाची पूड कुठल्या खोक्यात गेली ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. वहिनींना ठाऊक होतं, पण त्या ऐकत होत्या.