लाल रेघेखालचा अर्ज

या मित्रांनो, जरा जवळ सरका. माझा आवाज बारीक आहे. जन्मभर मी एकच शब्द बोललो, 'ठक्'. पण त्या एका शब्दाच्या पोटात एका बाईंची गोष्ट आहे. ती ऐकून रिकाम्या हातांनी परत जाल, तर मला बोल लावा.

मी एक जुना शिक्का आहे. विद्यापीठात पदवीच्या पुढे शिकायचे म्हणून जे अर्ज करतात, त्यांचे कागद मिळाल्याची तारीख उमटवायची, हे माझे काम. माझी मूठ लाकडी, चौकट पितळी, आणि आत दातेरी चाकांवर फिरणारे तीन रबरी पट्टे: दिवस, महिना, वर्ष. वर्षांच्या पट्ट्यावर बाराच आकडे होते. म्हणजे जन्माला येतानाच माझे आयुष्य माझ्या अंगावर लिहिलेले होते. तुम्हां माणसांचेही असते म्हणतात, फक्त तुम्हांला ते वाचता येत नाही. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने उजेडात धरून माझा पहिला ठसा पाहिला आणि स्वतःशीच म्हणाला, "हा खोटी तारीख मारायचा नाही." तोच माझा आशीर्वाद.

मी आलो तो दगडवाल्या बाईंच्या हाताखाली. हे नाव त्यांना विद्यार्थ्यांनी दिले होते. अर्जांचे गठ्ठे उडू नयेत म्हणून बाई त्यांच्यावर दगड ठेवत: एक काळा, एक गुलाबी, एक आतून चमचमणारा. एखादा विद्यार्थी अर्ज द्यायला आला, की सही करता करता त्याला त्या दगडाची कुळकथा ऐकायला मिळे. बाई भूगर्भशास्त्राच्या पदवीधर. पुढे शिकायचे होते, पण निकालानंतर दुसऱ्याच महिन्यात वडील अंथरुणाला खिळले आणि बाई नोकरीला लागल्या. दुसऱ्यांचे अर्ज घेता घेता केस पांढरे झाले.

पण कामात काय भक्ती होती! सकाळी आल्या की आधी नखाने तारीख एक दात पुढे सरकवायच्या, मला फडक्याने पुसायच्या, आणि पहिला ठसा रद्दी कागदावर मारून पाहायच्या. कोणी देवासमोर हात जोडावेत तसे ते चालायचे. शेवटच्या तारखेला तर त्यांचा एक खास नेम होता. घड्याळात पाच वाजायला आले की त्या अर्ज घ्यायची खिडकी सोडून जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहायच्या. पाचच्या आत ज्याचा पाय पहिल्या पायरीवर पडला, त्याचा अर्ज वेळेत. मग तो धापा टाकत वर येईपर्यंत पाच मिनिटे गेली तरी चालेल. त्यानंतर नोंदवहीत शेवटच्या नावाखाली लाल रेघ. रेघ ओढली की ओढली.

माझ्या नवव्या वर्षी विद्यापीठाने नोकरी करणाऱ्यांसाठी भूगर्भशास्त्राचे सकाळचे वर्ग काढले. जागा पंधरा. बाईंनी पत्रक तीनदा वाचले. घरी लेकीला सांगितले, ते दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या शिपाईदादांना सांगताना मी ऐकले.

"लेक म्हणते, आई, गुडघे धरून जिना चढतेस, डोंगर कसे चढणार?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, डोंगराला घाई नसते. तो थांबेल."

दादा हसले. "भरा बाई अर्ज. या खिडकीतून सगळी दुनिया आत गेली, तुम्ही तेवढ्या राहिलात."

अर्ज भरला. लेकीनेच फोटो चिकटवला. वीस ही शेवटची तारीख होती. बाईंनी त्या दिवशी सकाळी पाकीट खणात ठेवले आणि म्हणाल्या, "माझं शेवटी मारते. हे बाहेर ताटकळतायत, मी तर आतच आहे."

दिवसभर मला उसंत नव्हती. कोणाची सही राहिली, कोणाची गुणपत्रिका उलटी लागली. पाचला दोन मिनिटे कमी असताना जिन्यावर पाय वाजले. एक शाळामास्तर घामाघूम होऊन वर आला. त्याच्या अर्जावर फोटोच नव्हता, तो खिशात चुरगळला होता. बाईंनी तो तळहाताने सपाट केला, डिंक लावला, वरून गुलाबी दगड ठेवला. "बसा जरा, पाणी प्या. पाय वेळेत पडलाय तुमचा." मग ठक्. नोंद झाली. लाल रेघ ओढली. मला टेबलावर ठेवले आणि बाई घरी गेल्या.

सकाळी आल्या. नखाने तारीख फिरवली: एकवीस. फडके घ्यायला खण उघडला. आत पाकीट.

बाई उभ्याच राहिल्या. पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतःचे पान मांडायचेच राहावे, तसे झाले होते.

शिपाईदादांनी पाहिले आणि त्यांना सगळे समजले. त्यांनी वही उघडून दाखवली. मास्तराच्या नावाखाली आणि लाल रेघेच्या वर एक ओळ कोरी होती.

"एक दात मागे फिरवा, बाई," ते हळू आवाजात म्हणाले. "काल दिवसभर तुम्ही इथंच होतात. तुमचा पाय तर सकाळपासून जिन्याच्या वर."

"पाय माझा वर होता, दादा. अर्ज खणात होता."

"कोणाला कळणार आहे? शिक्का काय बोलतोय?"

मित्रांनो, मी बोलत नाही, पण मला कळत होते. आणि माझे पाप तुम्हांला सांगतो: मलाही वाटत होते, फिरवावे. इतक्या वर्षांत मी कोणासाठी काही मागितले नव्हते. बाईंनी मला उचलले. त्यांचे नख दिवसाच्या पट्ट्यावर टेकले. आणि पट्टा न फिरवताच परत आले. मग त्यांनी मला शाईच्या गादीवर दाबले आणि स्वतःच्या अर्जावर मारले. ठक्. एकवीस.

लाल रेघेच्या खाली, नव्या पानावर, त्यांनी आपले नाव लिहिले. अर्ज त्या स्वतःच विभागप्रमुखांकडे घेऊन गेल्या. मी हातातच राहिलो होतो, ते त्यांच्या ध्यानातही नव्हते.

सरांनी तारीख पाहिली. "बाई, तुमचा हा अर्ज काल इथंच होता ना?"

"इमारतीत होता, सर. खिडकीतून आला नव्हता."

"मग उशिराच्या गठ्ठ्यात जाईल. जागा उरली तरच."

"म्हणूनच हातानं आणला. कोणी चुकून वेळेतल्या गठ्ठ्यात ठेवायला नको."

 सर खुर्चीवरून उठले आणि बाई बाहेर पडेपर्यंत उभे राहिले.

जागा उरली नाही. यादी बाईंनीच फळ्यावर लावली. पंधरावे नाव त्या शाळामास्तराचे होते. बाईंनी ते दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "फोटो नीट चिकटला म्हणायचा." मग खिडकीत येऊन बसल्या आणि कितीतरी वेळ माझी मूठ पुसत राहिल्या. मूठ कोरडीच होती. ओली त्यांनी केली.

वर्ष गेले. पुन्हा अर्ज सुरू झाले. पहिल्या दिवशी दार उघडताच शिपाईदादांनी मला उचलले आणि बाईंच्या खुर्चीवर ठाण मांडले.

"तुम्ही बाहेर व्हा."

"काय खेळ मांडलाय, दादा?"

"खेळ नाही. रांगेत उभ्या राहा. आत बसून विसरता तुम्ही."

रांगेत बाई एकट्याच होत्या. त्यांनी खिडकीतून अर्ज आत सरकवला. इतकी वर्षे त्या खिडकीच्या आत होत्या; बाहेरून ती किती उंच लागते, हे त्यांना त्या दिवशी कळले. दादांना सवय नव्हती. त्यांनी मला उलटाच मारला.

"तारीख डोक्यावर पडली की हो," बाई म्हणाल्या.

"पडू दे. खरी आहे ना?"

त्या वर्षी बाईंचे नाव यादीत सहावे होते. सकाळी वर्ग, दहाला खिडकी. शाळामास्तराने आपल्या साऱ्या वह्या त्यांना दिल्या. गुडघ्यांना पट्टे बांधून, हातात हातोडी घेऊन त्या डोंगर चढल्या, आणि डोंगर थांबला होता. माझ्या बाराव्या वर्षी त्यांचा निकाल लागला. त्याच वर्षी माझा पट्टा संपला, आणि अर्जही संगणकावरून येऊ लागले. रद्दीच्या पेटीत जाणार होतो, तर बाईंनी मला पदरात घेतले. आता मी त्यांच्या टेबलावर, त्या तीन दगडांच्या शेजारी, चौथा दगड होऊन बसतो. रबराला भेगा पडल्या आहेत. पण रोज कोणीतरी मला पुसते.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, कुठे ना कुठे अर्ज कराल, रांगेत उभे राहून कंटाळाल. तेव्हा माझ्यासाठी एक करा. खिडकीच्या आतल्या माणसाकडे जरा पाहा. त्याचाही एखादा अर्ज खणात राहिलेला असेल. त्याला पाणी विचारा, नाव विचारा. आणि कधी एक दात मागे फिरवण्याचा मोह झाला, कोणी पाहत नसले, तर तेवढ्यापुरती आमच्या दगडवाल्या बाईंची आठवण ठेवा.