ओल्या लाकडावरचा निळा रंग

मी एक जुनी सागवानी फळी आहे. मित्रांनो, घरातल्या ज्या वस्तूंच्या कहाण्या तुम्ही ऐकता, त्या बहुतेक घराच्या आत राहतात. मी आत कधीच नव्हते. आष्टी गावात विहाराच्या मागच्या गल्लीत एक पत्र्याचे घर आहे. त्याच्या ओसरीवरचा पत्रा जिथे संपतो, तिथे आडवी ठोकलेली निळी फळी दिसते, ती मी. मला वळचणीची फळी म्हणतात. पत्र्याखालच्या वाशांची टोके झाकायची आणि पावसाला त्यांच्यापर्यंत पोहोचू द्यायचे नाही, एवढेच माझे काम. त्या कामात मी कशी कमी पडले आणि त्यामुळे कोणाचा जीव धोक्यात आला, ते मला सांगायचे आहे.

१९८१ साली परतूरमधल्या एका कापसाच्या जिनिंगची जुनी शेड मोडली. तिच्या तुळईतून मला कापून काढले. अकरा फूट लांब, नऊ इंच रुंद, एक इंच जाड. मला घेतले तातेराव गुरुजींनी. ते आष्टीच्या शाळेत शिकवत आणि तेव्हा स्वतःचे पहिले घर बांधत होते. त्यांचे वडील आयुष्यभर गवताच्या छपराखाली राहिले होते. म्हणून गुरुजींनी पत्रा आणला, आणि पत्र्याच्या कडेला सागवानच हवे म्हणून हट्ट धरला.

मला बसवले पुंजाराम सुताराने. माझ्या मागे, पत्र्याच्या खालून भिंतीपर्यंत, त्याने पातळ फळ्यांची तक्तपोशी ठोकली. भिंतीजवळ मात्र बोटभर फट ठेवली.

गुरुजींनी वर पाहिले. "पुंजाराम, फळी कमी पडली का रे?"

"कमी न्हाई पडली गुरुजी, ठेवलीय. आत वारा फिरला पायजे. ओलं लाकूड कोंडलं की गेलं समजा. आन रंग द्यायचा तर उन्हाळ्यात द्या, लाकूड कोरडं असतंय तवा."

"उन्हाळ्यात कोण येतंय बघायला?" गुरुजी हसले. "दसऱ्याला दारात मिरवणूक येते, पाहुणे येतात. रंग दसऱ्यालाच."

"मंग जयंतीला द्या. एप्रिलात."

"जयंतीला सगळं गाव चौकात असतं. घरी कोण असतं?"

पुंजारामने खांदे उडवले आणि हत्यारे गोळा केली. मला वाटते, माझ्या आयुष्याचा निकाल त्या दिवशीच लागला.

पहिली काही वर्षे चांगली गेली. दसऱ्याच्या, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या, आधी आठ-दहा दिवस गुरुजी स्वतः शिडीवर चढत आणि मला निळा तैलरंग देत. पांढरे कपडे घातलेली माणसे विहारातून परतताना दारात थांबत. "सागवान दिसतंय गुरुजी," असे कोणी म्हणाले की गुरुजी खिशातला पेन उगीचच नीट करत. मलाही बरे वाटे. खोटे कशाला सांगू?

पण कोणत्या दिवसांत तो रंग मिळत होता, ते पाहा. जून ते सप्टेंबर मी पाणी पीत असे. पाऊस ओसरून पंधरा दिवसही होत नसत. हात लावला तर मी गार लागे. त्या गार लाकडावर तैलरंगाचे दोन हात बसत आणि आतले पाणी आतच राही. पुढच्या पावसात त्यात भर पडे. समोरून मला सोळा वर्षांत सोळा वेळा रंग मिळाला. पाठीला एकदाही ब्रश लागला नाही.

१९८९ मध्ये त्या फटीत चिमण्यांनी घरटे केले. काड्या थेट खाली पडत, गुरुजींच्या पत्नी गिरिजाबाई ओसरीत भाकरी थापत त्या परातीत. एका रविवारी गुरुजींनी सिमेंट कालवले आणि फट बुजवून टाकली. पुंजाराम तोवर जुन्या जालन्यात मुलाकडे राहायला गेला होता. नको म्हणणारे कोणी नव्हते. त्याच सुमारास गुरुजींचे गुडघे दुखू लागले, ते दसऱ्याच्या रंगापुरतेच शिडीवर चढू लागले आणि माझ्या पायाशी लावलेली पत्र्याची पन्हळ साफ करणे थांबले. शेजारच्या लिंबाचा पाला तिच्यात साचे. पाण्याला पुढे वाट मिळाली नाही की ते मागे, माझ्या पाठीवर चढे. गुरुजींचा मुलगा नोकरीसाठी जालन्यात होता. तो शनिवारी रात्री येई, सोमवारी पहाटे जाई. वर पाहायला त्याला वेळ नसे.

मी डाव्या बाजूने सडू लागले. कोणत्या वर्षी, ते नेमके सांगता येणार नाही. सडणे आवाज करत नाही. पाठीचा एक थर मऊ होतो, मग त्याच्या आतला. समोरचा रंग मात्र टवटवीत होता. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मी गल्लीतली सर्वांत देखणी वळचण दिसत होते.

१९९६ च्या जूनमध्ये गुरुजींची सून सत्यशीला अंगणवाडी सेविका झाली. गावात अंगणवाडीला खोली नव्हती. गुरुजी तोवर निवृत्त झाले होते. ते म्हणाले, "आपली ओसरी आहे ना." त्यांना त्याचा आनंद झाला होता. दुसऱ्या आठवड्यापासून बावीस मुले माझ्याखाली चटईवर बसू लागली. गाणी म्हणत, सुकडी खात, एकमेकांच्या पाट्या ओढत. सर्वांत लहान मुलगी अडीच वर्षांची होती. ती नेमकी डाव्या कोपऱ्यात, माझ्या सडलेल्या भागाखाली बसे, कारण तिथून तिला रस्ता दिसे.

मित्रांनो, तेव्हापासून मला चैन पडले नाही. मला बोलता येत नव्हते. मला फक्त धरून ठेवता येत होते, आणि धरण्यासाठी मला चार खिळे होते. डावीकडच्या दोन खिळ्यांभोवती लाकूड उरलेच नव्हते. त्यांना रंगाच्या पापुद्र्याने धरले होते. माझ्याबरोबर पन्हळही खाली येणार होती, पाल्याने आणि पाण्याने भरलेली. तिचे वजन एका मोठ्या माणसाला आडवे करील इतके होते.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात सत्यशीलाला चटईवर तपकिरी भुगा दिसू लागला. तिने तो झाडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. तिसऱ्या दिवशी तो मुठीत घेऊन ती गुरुजींसमोर उभी राहिली.

"मामा, वरची फळी सडलीय. पोरं खाली बसतात."

"सागवान आहे ते. सागवान सडत नसतं."

"मंग हा भुगा कशाचा?"

"चिमण्यांचा असेल."

आतून गिरिजाबाईंचा आवाज आला, "फट तुम्हीच बुजवलीत की! चिमण्या काय सिमेंट खाऊन राह्यल्यात?"

गुरुजींना हसू आले नाही. दसरा बारा दिवसांवर होता. निळ्या रंगाचा डबा आणून ठेवला होता. "यंदा दोनाऐवजी तीन हात देऊ," ते म्हणाले आणि विषय संपवला.

सत्यशीला सासऱ्यांशी वाद घालणारी नव्हती. तिने दुसऱ्या दिवशी सगळी मुले माजघरात नेली. ज्वारीची पोती, पलंग आणि शिलाई मशीन यांच्यामध्ये बावीस मुले दाटीवाटीने बसली. नेमक्या त्याच दिवशी मुख्यसेविका पाहणीला आल्या.

"ओसरी मोकळी, आणि मुलं आत कोंबलीत? असं का?"

सत्यशीलाने दाराकडे पाहिले. गुरुजी दारातच होते. "वरच्या फळीचा भरवसा नाही, बाई," ती म्हणाली.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिले आणि त्या गेल्या. गुरुजींचा चेहरा उतरला होता. परक्या माणसासमोर त्यांच्या घराचा भरवसा नाही असे त्यांच्याच सुनेने सांगितले होते. त्यांनी आपली लोखंडी खुर्ची उचलली आणि ओसरीच्या डाव्या कोपऱ्यात, बरोबर माझ्याखाली मांडली.

"मी बसतो इथं. बघू काय पडतंय ते."

ते तीन दिवस बसले. सकाळी वर्तमानपत्र घेऊन, दुपारी डोळे मिटून. शेजारच्या गोजरबाई जाता-येता थांबत. "काय गुरुजी, फळीची राखण चाललीय का? पळून जाऊन राह्यली की काय?"

"तुम्ही तुमचं बघा, बाई."

माझ्यासाठी ते तीन दिवस सोळा वर्षांहून मोठे होते. ज्याने मला हौसेने आणले, ज्याने दरवर्षी स्वतःच्या हाताने मला सजवले, तोच माणूस माझ्यावर विश्वास ठेवून माझ्याखाली बसला होता. आणि तो विश्वास चुकीचा आहे हे मला पक्के माहीत होते. वारा आला की डावा खिळा किंचित सरके.

तिसऱ्या दिवशी पहाटे परतीचा पाऊस झाला. पन्हळ काठोकाठ भरली. गुरुजी नेहमीप्रमाणे खुर्चीत येऊन बसले. थोड्या वेळाने सत्यशीला स्टूल घेऊन बाहेर आली. तिच्या हातात पोती शिवायचा दाभण होता.

"मामा, जरा बाजूला व्हा."

"नाही होत."

उजव्या टोकापासून तिने सुरुवात केली. दाभण माझ्यावर टेकवला आणि दाबला. टोक जेमतेम रुतले.

"बघ," गुरुजी वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले.

तिने स्टूल सरकवले. फुटाफुटावर टोचत ती पुढे आली. दाभण सहा वेळा अडला. गुरुजी दर वेळी "बघ" म्हणत होते. सातव्या वेळी दाभण अडला नाही. नेढ्यापर्यंत आत गेला. तिने तो ओढून काढला आणि त्या भोकातून चहासारखे तपकिरी पाणी धारेने खाली आले, वर्तमानपत्रावर आणि गुरुजींच्या धोतरावर. त्याला कुजल्याचा वास होता.

गुरुजींनी वर पाहिले. सत्यशीला स्टुलावरून उतरली आणि दाभण तिने त्यांच्यासमोर धरला.

"आता तुम्ही टोचा."

दुखरा गुडघा सांभाळत ते स्टुलावर चढले. त्यांनी एकदा टोचले. मग पुन्हा. मग दाभण खाली देऊन अंगठ्याने दाबले. निळ्या रंगाला खड्डा पडला आणि अंगठा आत गेला. आत लाकूड नव्हते, ओला चिखल होता. ते खाली उतरले, खुर्ची उचलून अंगणात ठेवली आणि तिच्यात बसले. बराच वेळ त्यांनी अंगठा पुसला नाही.

"पोरं किती दिवस बसत होती याखाली?"

"सोळा महिने, मामा."

संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर गुरुजींनी पुंजारामला जुन्या जालन्याला निरोप पाठवला.

पुंजाराम दोन दिवसांनी आला. म्हातारा झाला होता, पण हातोडी तीच होती. पन्हळ आधी उतरवून त्याने मला सोडवायला घेतले, तर डावीकडचा साडेचार फूट भाग त्याच्या हातातच तुटला. मागच्या पाच वाशांपैकी दोन वाशांची टोके गेली होती.

"गुरुजी, समोरून रंग किती वेळा दिला?"

"दरवर्षी."

"आन पाठीला?"

गुरुजींनी तुटलेला तुकडा हातात घेऊन उलटा केला.

"पाऊस काय रंग बघून समोरूनच येतो व्हय?" पुंजाराम म्हणाला, पण आवाज चढवला नाही. वर पाहून त्याने सिमेंटने बुजवलेली फट पाहिली. तेव्हा मात्र तो खाली बसला आणि त्याने तंबाखू काढली.

त्याने सडलेला भाग तिरका कापून काढला. त्या जागी नवा तुकडा तिरक्याच सांध्याने बसवला, सांध्यात पाणी थांबू नये म्हणून. माझा समोरचा रंग आणि पाठ खरवडली, मला वाळू दिले आणि जवसाचे तेल पाजले. वाशांना जोड दिला. नवा पत्रा माझ्या पुढे दोन बोटे काढला, पन्हळीला उतार दिला. सिमेंट फोडून फट मोकळी केली आणि चिमण्यांसाठी बारीक जाळी मारली. हे सगळे होईपर्यंत दसरा दोन दिवसांवर आला होता. रंगाचा डबा कोपऱ्यात तसाच होता.

गिरिजाबाईंनी विचारले, "अहो, मंग रंग?"

गुरुजींनी माझ्यावर तळहात ठेवला. मी गार होते. त्यांनी डबा उचलून पलंगाखाली सरकवला.

दसऱ्याला मिरवणूक आली. मी अर्धी जुन्या खरवडलेल्या निळ्या डागांची आणि अर्धी नव्या पिवळट लाकडाची, अशी सगळ्यांसमोर होते. सोळा वर्षांत पहिल्यांदाच मी कुरूप दिसत होते. माणसे पाहत होती. गोजरबाईंनी विचारायचे ते विचारलेच, "गुरुजी, औंदा रंग राह्यला का हो?"

गुडघे दुखत होते, वेळ मिळाला नाही, असे काहीही ते म्हणू शकले असते. गल्लीतली वीस-पंचवीस माणसे ऐकत होती. गुरुजी म्हणाले, "ओलं आहे अजून. मी इतकी वर्षं चुकीच्या दिवसांत देत होतो."

मित्रांनो, मी आता रंगवलेली आहे. समोरून आणि पाठीकडूनही, एप्रिलच्या उन्हात. पण तुमच्या घराच्या वळचणीलाही माझ्यासारखी कोणी असेल. ती चांगली दिसते म्हणून तिच्यावर विसंबू नका. पावसाआधी पन्हळीतला पाला काढा. वाऱ्याची वाट बुजवू नका. दाभण घ्या आणि टोचून पाहा. टोचायची लाज वाटू देऊ नका, आम्हाला त्याने दुखत नाही. आणि रंगाचा डबा उघडण्याआधी, तिच्याखाली रोज कोण बसते, ते एकदा नीट पाहा.